पापक्षमा मिळाली, पण ऐंशी हजारांचं काय?

बावखल | ३१ मार्च २०२५, दुपारी ३.४०

काल पाडवा झाला, आज ईद. आमच्या जिन्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे खाली आणि शीरखुर्म्याच्या वाट्या वर अशी वाहतूक चालू आहे. आमच्या घरी मात्र अजून वीस दिवस गोड बंद. उपवासकाळ आहे.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. यंदा ५ मार्चला राखेचा बुधवार झाला. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आणलेल्या झावळ्या जाळून राख करतात, फादर ती कपाळाला लावतात आणि म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील.' तिथपासून २० एप्रिलच्या ईस्टरपर्यंत, मधले सहा रविवार सोडले की बरोबर चाळीस दिवस भरतात. या दिवसांत मिस्सेत (देवळातल्या उपासनेत) आलेलुया गात नाहीत, आमच्याकडे लग्नं लावत नाहीत, आणि वर्षभर पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, न गेलेला माणूसही या काळात एकदा तरी जातो. मी अकरा वर्षं गेलो नव्हतो. यंदा गेलो. धागा त्याबद्दलच आहे.

मी मूळचा वसईच्या पश्चिम पट्ट्यातला, आता पुण्यात असतो. नाव-गाव विचारू नका, आयडीवरून जेवढं कळतं तेवढं पुरे. आम्ही दोघे भाऊ. दादा वाडी सांभाळायला घरी राहिला. पहाटेचं पाणी, केळीचे घड, राजेळी सोलून सुकेळी वाळत घालणं, सगळं त्याच्याकडे. मी नोकरीला बाहेर पडलो. २०१४ मध्ये वडील रुग्णालयात होते तेव्हा वाडीचा एक तुकडा विकायचं ठरलं. दादा वडिलांच्या उशाशी, म्हणून व्यवहाराचं बोलायला मी गेलो. विसाराचे दोन लाख रोख मिळाले. दादाला मी एक लाख वीस हजार सांगितले. त्याने नोटा मोजल्यासुद्धा नाहीत.

ऐंशी हजार माझ्या फ्लॅटच्या थकलेल्या हप्त्यांत गेले. 'पुढच्या महिन्यात देऊन टाकू' असं ठरवलं होतं, हे खरं. असं प्रत्येकच ठरवतो, हेही खरं. दोन महिन्यांनी वडील गेले आणि त्यानंतर विषय काढायची हिंमत झाली नाही.

तर यंदा इथल्या देवळात उपवासकाळाचं सामूहिक पापनिवेदन होतं. आजूबाजूच्या धर्मग्रामांतून (चर्चच्या हद्दींतून) चार-पाच फादर आले होते. मुद्दाम अनोळखी फादर बघून त्यांच्या रांगेत उभा राहिलो. (ही चलाखी सगळेच करतात.) सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "भावाला माहीत आहे?" नाही म्हटलं. ते म्हणाले, "पैसे परत करावे लागतील, त्यात सूट नाही. पण ते तुम्ही घेतले होते हे त्याला कळलंच पाहिजे, असं बंधन नाही. वाटल्यास माझ्याकडे द्या, मी पोचते करीन." प्रायश्चित्त म्हणून सात दिवस एक्कावन्नावं स्तोत्र वाचायला सांगितलं आणि पापक्षमा दिली.

बाहेर येऊन दहा मिनिटं गाडीतच बसून होतो. काय वाटत होतं ते लिहिता येणार नाही. अंगातून ताप उतरल्यावर जो घाम येतो, त्याच्या जवळचं काहीतरी.

हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. काल उपवासकाळाचा चौथा रविवार आणि वाचन उधळ्या पुत्राचं. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. धाकटा वाटणी मागून घेतो, परदेशी जाऊन उधळतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा शुद्धीवर येतो आणि घरी परततो. बाप लांबूनच बघतो, धावत सुटतो, गळ्यात पडतो. अंगरखा, अंगठी, जोडे, पुष्ट वासरू कापून मेजवानी. शंभरदा ऐकलेली गोष्ट. काल पहिल्यांदाच माझं लक्ष शेतावर गेलं. थोरला शेतात होता. संध्याकाळी घराजवळ आला तर आतून गाण्याबजावण्याचा आवाज, आणि काय चाललंय हे त्याला चाकराकडून कळतं. त्याला कुणी बोलवायलासुद्धा गेलं नव्हतं.

आता हिशोब बघा. वाटणी आधीच झालेली. धाकट्याचा हिस्सा संपला. उरलं ते थोरल्याचं. बाप स्वतःच म्हणतो, 'जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे.' म्हणजे कापलेलं वासरूही थोरल्याचंच! बापाने दया केली, खर्ची पडलं थोरल्याचं. आणि धाकटा क्षमा कुणाची मागतो? 'स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं' असं बापाला म्हणतो. भावाला एक शब्द नाही.

मी तोच धाकटा. बापाची क्षमा घेऊन बसलोय. ऐंशी हजार फादरांकडे देणार हे नक्की. प्रश्न एवढाच: सांगायचं, की गुपचूप पोचते करायचे? सांगितलं तर जन्मभराचं नातं एका दुपारी तुटेल अशी भीती आहे. नाही सांगितलं तर ही क्षमा मी नक्की कुणाकडून घेतली, हे कळत नाही.

---

तर्कट | ३१ मार्च, ४.१५

प्रामाणिक लिहिलंय म्हणून प्रामाणिक प्रतिसाद. कर्ज 'अ'ने 'ब'चं बुडवलं आणि 'क'ने ते माफ केलं, तर कुठलीही बँक हसेल. देव असो वा नसो, हा 'क' मध्ये आला कुठून? माझा सगळ्या धर्मांतल्या क्षमेवर हाच आक्षेप आहे. ज्याचं नुकसान झालं तो खोलीतच नसतो.

---

मोगरा | ३१ मार्च, ४.३२

तर्कटराव, फादर तेच म्हणाले की! 'पैसे परत करावे लागतील, सूट नाही.' नीट वाचा हो.

---

तर्कट | ३१ मार्च, ४.४०

वाचलं. पैसे परत करा, पण तोंड दाखवू नका, असंही म्हणाले ते.

---

आजीची_नात | ३१ मार्च, ५.५८

मी मडगावची, मराठी माध्यमात शिकले म्हणून इथे. आमच्याकडे पापनिवेदनाला कुमसार म्हणतात. माझी आजी उपवासकाळात कुमसाराला जायची त्याच्या आदल्या संध्याकाळी न चुकता शेजारच्या बाईकडे जायची. त्यांचं माडाच्या पाणंदीवरून वर्षानुवर्षांचं भांडण. तिथे जाऊन काही मोठं बोलायची नाही. उंबऱ्याशी उभी राहून "फाल्यां कुमसाराक वयतां" एवढंच म्हणायची, म्हणजे उद्या कुमसाराला जातेय. शेजारीण म्हणायची, "वच." झालं. दुसऱ्या आठवड्यात नारळ कुणाच्या हद्दीत पडला यावरून पुन्हा सुरू.

लहानपणी मला हे नाटक वाटायचं. आता वाटतं, आजीला बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं पाठ होतं: वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. यात एक बारकावा आहे. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं नाही म्हटलेलं. भावाच्या मनात तुझ्याविषयी असेल तर.

बावखल, तुमच्या भावाच्या मनात तर काहीच नाही. त्याला माहीतच नाही. म्हणून तुमचा प्रश्न आजीच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

अवांतर: पुढच्या सोमवारी, ७ तारखेला, गोवा वेल्हाला संतांची मिरवणूक आहे. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन निघतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं आणि मेणबत्त्या. जवळपास कुणी असेल तर जरूर बघा. उपवासकाळातले मोतेत, म्हणजे देवळातली गीतं, ऐकायला मिळाले तर तेही. ऐकताना घसा दाटतो.

---

पोटपूजा | ३१ मार्च, ६.२०

गंभीर धाग्यात खायचा प्रश्न विचारतो, माफी. उपवास म्हणजे नक्की काय सोडता? आमच्या ऑफिसातला वसईकर शुक्रवारी 'आज मटण नाही' म्हणतो आणि डब्यातून पापलेट काढतो.

---

बावखल | ३१ मार्च, ६.५५

हा हा. नियमाने बरोबर आहे त्याचं. १४ वर्षांवरच्यांनी ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य करायचं, मासा त्यात येत नाही. पूर्ण उपवास, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण, तो फक्त राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), १८ ते ५९ वयाच्यांना. जुनी माणसं चाळीस दिवस मटण-कोंबडीला शिवत नसत. पापलेट खाऊन प्रायश्चित्त हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. आमची आई म्हणायची, बोंबील खा म्हणजे उपवास वाटेल.

---

जुनापुराणा | ३१ मार्च, रात्री ९.१०

वासराच्या मालकीबद्दल एक दुरुस्ती. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोन मुलगे असतील तर थोरल्याचे दोन तृतीयांश. पण बाप जिवंत असेपर्यंत उपभोगाचा हक्क बापाकडेच राहत असे. म्हणून बापाला वासरू कापायचा अधिकार होता. तुमची चिडचिड मात्र रास्त आहे, कारण झळ शेवटी थोरल्यालाच लागते. गोष्ट सांगणाऱ्यालाही ते ठाऊक होतं असं मला वाटतं, नाहीतर थोरला गोष्टीत आणायची गरजच नव्हती. बापाने मिठी मारली तिथे गोष्ट सुखाने संपली असती.

आता तर्कट यांच्या 'खोलीत नसणाऱ्या माणसा'बद्दल. पापनिवेदन खोलीत गेलं ते बऱ्याच उशिरा. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत व्हायचं. गोणपाट, राख, देवळाबाहेर उभं राहणं, तेही वर्षानुवर्षं, आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारी संधी. पुण्य गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, अशांना पुन्हा आत घ्यायचे. आज सगळ्यांच्याच कपाळाला लागणारी राख ही त्याचीच आठवण. कानात हळूच सांगायची पद्धत आयर्लंडच्या मठवासीयांनी सहाव्या-सातव्या शतकात युरोपभर नेली, आणि वर्षातून एकदा तरी जायलाच हवं हा नियम चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. जाळीची लाकडी खोली तर सोळाव्या शतकातली, मिलानच्या चार्ल्स बोरोमेओंच्या काळातली.

आणि क्षमा किती द्यायची यावरून चर्च फुटलंसुद्धा आहे. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून दाखला घ्यावा. कित्येक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने अर्पण केलं, काहींनी नुसताच दाखला विकत घेतला. छळ संपल्यावर हे सगळे दारात उभे. रोममधला पुरोहित नोवेशियन म्हणाला, यांना पुन्हा आत घेता येणार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यायचं, पण प्रायश्चित्त करून. सिप्रियनची अडचण दोन्हीकडून होती. एकीकडे नोवेशियन, दुसरीकडे झटपट क्षमा वाटणारे काही पुरोहित. छळात ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यासमोर या पळालेल्यांना फुकटात कसं घ्यायचं, हा प्रश्न. म्हणजे पुन्हा थोरला भाऊच की! तो या इतिहासात कायम दाराबाहेर उभा दिसतो.

---

पाळकाची_लेक | १ एप्रिल, सकाळी ७.०५

आम्ही नगरकडचे, प्रॉटेस्टंट. आमच्यात जाळी नाही, फादर नाही. उपासनेत सगळी मंडळी एकत्र पापकबुली म्हणते आणि बाकीचं देव नि तुम्ही बघून घ्या. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, पहिलाच उद्गार क्षमेचा. वडील पाळक होते, त्यांना दरवर्षी तो पहिलाच मिळायचा आणि दरवर्षी ते घरी येऊन म्हणायचे, "यावर बोलणं सोपं असतं, म्हणून मला देतात."

ल्यूथरच्या १५१७ च्या पंच्याण्णव मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा की 'पश्चात्ताप करा' म्हणताना ख्रिस्ताला श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं. तो भडकला होता तो पैसे भरून शिक्षेत सूट मिळवण्याच्या धंद्यावर. बावखल, राग मानू नका, पण पाकीट फादरांमार्फत पोचवण्यात मला त्याच धंद्याचा बारीकसा वास येतो. पैसे दिले, सुटलो.

जक्कय आठवा. जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, ज्याला मी फसवलं त्याला चौपट परत देतो. सगळ्यांसमोर, आणि चौपट. ऐंशी गुणिले चार करून बघा.

---

मोगरा | १ एप्रिल, ८.२०

तीन लाख वीस हजार. बावखल, बसलात का खाली?

---

कोट्टयमची_सून | १ एप्रिल, ११.४५

फादरांवर लगेच धंद्याचा आरोप नको. माझे सासरे सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक, घरात दोन काका फादर, त्यामुळे या चर्चा जेवणाच्या टेबलावर ऐकल्या आहेत. नियम असा आहे की चोरलेलं परत केलंच पाहिजे, त्याशिवाय पश्चात्ताप खोटा. पण स्वतःची अब्रू चव्हाट्यावर आणायची सक्ती कुणावर करता येत नाही. ही मोकळीक यासाठी की भीतीपोटी माणूस पैसे परत करायचंच टाळतो. शंभरातले नव्वद लोक 'सांगायचं कसं' यातच अडकून मरतात आणि ज्याचे पैसे गेले त्याला काहीच मिळत नाही. निदान पैसे तरी मिळोत, एवढा साधा व्यवहार आहे तो. आणि फादर मध्ये असले की नाव कधीच फुटत नाही. पापनिवेदनातलं बाहेर काढणारा फादर त्या क्षणी चर्चबाहेर जातो, वेगळा निकाल द्यावाच लागत नाही.

आमच्याकडे उपवासकाळ सोमवारीच सुरू होतो, बुधवारी नाही, आणि त्याला पन्नास दिवसांचा नोयंब (उपवास) म्हणतात. लग्न झालं त्या वर्षी दोन दिवस आधीच राख लागली आणि मी आईला फोन करून विचारलं, आपलं कॅलेंडर चुकलं का! पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर याच्या उंबरठ्यावर क्षमेचा रविवार असतो. देवळात सगळे एकमेकांसमोर वाकून 'मला क्षमा कर' म्हणतात. नवरा बायकोसमोर, फादर लोकांसमोर. एकदा बघितलंय मी. पहिले चार-पाच जण हसत होते, दहाव्याला कुणी हसत नव्हतं.

---

शेअरबाजारी | १ एप्रिल, दुपारी १.३०

आम्ही जैन. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायची रीत तुम्हाला माहीत असेलच. हल्ली फोनवर एक चित्र येतं, तेच सगळ्यांना पुढे ढकलायचं. 'कळत-नकळत दुखावलं असेल तर.' माझे काका म्हणत, सगळी गफलत त्या 'नकळत'मध्ये आहे. नकळत दुखावलेल्यांची क्षमा मागायला काय जातं? कळून केलेलं एक तरी नाव घेऊन बोल, मग संवत्सरी.

बावखलजी, तुमचं कळून होतं. एवढंच लिहितो.

---

तर्कट | १ एप्रिल, २.०५

शेअरबाजारींना +१. काकांना नमस्कार सांगा.

---

शब्दवेल्हाळ | १ एप्रिल, रात्री १०.३०

धर्मातलं कळत नाही, शब्दांतलं थोडं कळतं. पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप. बावखल यांनी 'ताप उतरल्यावरचा घाम' लिहिलं, ते नकळत अगदी मुळावर गेलंय. हिब्रूत मात्र यासाठी जो शब्द आहे, शूव, त्याचा अर्थ नुसता मागे वळणं, परतणं. त्यात ताप नाही, पाय आहेत. ग्रीक शब्द मेटानोया म्हणजे मन पालटणं. आपल्या भाषेने तापावर भर दिला, म्हणून आपल्याला वाटतं भरपूर पोळलं की झालं. हिब्रू माणूस विचारेल, पोळलास ते ठीक, चाललास किती?

दयेचा हिब्रू शब्द त्याहून सुंदर आहे. रहमीम. तो रेहेम म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला. अरबी रहम, रहमान त्याच घराण्यातले. ईदच्या दुसऱ्याच दिवशी हे लिहितोय याचा आनंद आहे. आणि मराठीत आपण देवाला काय म्हणतो? अपराध पोटात घाल. क्षमा कर, विसरून जा असं नव्हे, पोटात घाल. दोन भाषांचा काडीचा संबंध नसताना दोघींनी दया एकाच जागी ठेवली.

पण पोटात घालायला आधी ते समोर ठेवावं लागतं. न दाखवलेली गोष्ट दादा पोटात घालणार कशी? हे मत नाही, व्याकरण आहे.

---

आजीची_नात | १ एप्रिल, १०.५०

किती सुरेख. आजी असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

---

परदेशस्थ | २ एप्रिल, पहाटे ४.४०

न्यू जर्सीतून. इथे सरकारी तिजोरीत १८११ पासून 'कॉन्शन्स फंड' म्हणून खातं आहे. कर बुडवलेले, सरकारी वस्तू ढापलेले लोक निनावी पैसे पाठवतात. पहिले आले ते पाच डॉलर. मी गुपचूप देण्याच्या बाजूने आहे. सत्य सांगून आपलं मन हलकं होतं आणि समोरच्याचं जड होतं. अकरा वर्षं दादा भावावर विश्वास ठेवून सुखात आहे. त्याची झोप मोडायचा हक्क बावखलना कुणी दिला? कधी कधी कबुलीसुद्धा स्वार्थीच असते.

---

पाळकाची_लेक | २ एप्रिल, सकाळी ७.३०

परदेशस्थ, तिजोरीला भाऊ नसतो.

---

जुनापुराणा | २ एप्रिल, ८.१५

परदेशस्थ यांचा मुद्दा इतक्या सहज उडवू नका. तो जुना आणि वजनदार आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. ३९० मध्ये थेस्सलोनिकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने हजारो माणसं कापली गेली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला पत्र लिहिलं: तू प्रायश्चित्त करेपर्यंत तुझ्यासमोर मी मिस्सा अर्पण करणार नाही. सम्राटाने राजवस्त्रं उतरवून देवळात सगळ्यांसमोर प्रायश्चित्त केलं आणि त्या नाताळाला त्याला पुन्हा आत घेतलं. मेलेले परत आले नाहीत. क्षमा करायला तेच तर हवे होते, आणि ते नव्हते. तरी अँब्रोज त्याला 'गुपचूप दानधर्म कर' असं म्हणाला नाही.

बावखल यांचा दादा जिवंत आहे. ही सवलत थिओडोसियसला नव्हती.

---

बावखल | ६ एप्रिल, रात्री ११.२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उत्तर द्यायला उशीर झाला कारण उत्तर नव्हतं.

आज पाचव्या रविवारचं वाचन व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचं होतं. 'ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा.' एकेक जण निघून जातो, म्हातारे आधी. येशू म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढे पाप करू नको. या गोष्टीतही एक माणूस गायब आहे. तिच्यासोबतचा पुरुष. पण तो विषय वेगळा.

मला सर्वांत लागला तो परदेशस्थ यांचा प्रतिसाद, कारण अकरा वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलोय. 'दादाची झोप मोडू नको.' काल रात्री विचार केला की खरंच दादाच्या झोपेची काळजी आहे की माझ्या पानाची? गावी गेलो की वहिनी पहिलं पान माझं वाढते. पुण्याहून आलेला, शिकलेला, व्यवहारात चोख. ते पान जाईल ही भीती आहे, बाकी सगळं वेष्टन.

झावळ्यांच्या रविवारी गावी जाणार नाही, पुण्य शनिवारी, ईस्टरच्या आदल्या दिवशी जाईन. सांगणार आहे. चौपट देण्याची ऐपत नाही, व्याज धरून दीड लाखाची सोय केली आहे.

---

मोगरा | ६ एप्रिल, ११.३१

देव पाठीशी असो. वहिनींनाही एकाच वेळी सांगा, दादांच्या मागे लपू नका.

---

कोट्टयमची_सून | ७ एप्रिल, सकाळी ९.००

जाऊन आलात की लिहा. नाही लिहिलंत तरी चालेल.

---

आजीची_नात | २१ एप्रिल, दुपारी ३.०५

पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आताच पाहिली. काल ईस्टरला सज्जात आले होते. २०१३ मध्ये निवडून आल्यावर पहिल्याच रविवारी म्हणाले होते, देव क्षमा करताना कधी थकत नाही, थकतो ते आपणच, मागताना. या धाग्याची आठवण झाली. बावखल, आहात का?

---

बावखल | २३ एप्रिल, रात्री १०.१०

आहे. लिहितो.

शनिवारी सकाळी पोचलो. दादा वाडीत होता, केळीला पाणी सोडलेलं. तिथेच बोललो, मोटरच्या आवाजात, त्यामुळे आकडा दोनदा सांगावा लागला. हे आधी डोक्यातच आलं नव्हतं. ठरवून आणलेली वाक्यं मोटरसमोर ओरडून म्हणता येत नाहीत. दादाने काही न बोलता जाऊन मोटर बंद केली. मग म्हणाला, "आता सांग." तिसऱ्यांदा सांगितलं. तो बराच वेळ बांधावर बसून पायाचा चिखल काढत होता. "घरी चल, तिला सांग" एवढंच म्हणाला.

वहिनीने मात्र ऐकून घेतलं आणि आतून पतपेढीचं जुनं पुस्तक आणलं. त्या वर्षी रुग्णालयाचं शेवटचं बिल भरायला त्यांना ऐंशी कमी पडले होते. बरोबर ऐंशी नव्हे, पंच्याहत्तर. तिच्या बांगड्या गहाण पडल्या आणि वर पतपेढीचं कर्ज. साडेतीन वर्षं हप्ते चालले. बांगड्यांतल्या दोन सुटल्याच नाहीत. तेव्हा दादाने मला फोनवर विचारलं होतं, 'थोडे होतील का?' आणि मी म्हटलं होतं, 'माझीच ओढाताण आहे.' हे मी विसरलो होतो. खरोखर विसरलो होतो. ती विसरली नव्हती, पण तेव्हा तिने मला दोष दिला नव्हता, कारण तिला वाटलं माझी खरंच ओढाताण आहे.

परदेशस्थ, पाकीट पोचतं केलं असतं तर हे पुस्तक मला कधीच दिसलं नसतं.

दीड लाखाचं पाकीट टेबलावर ठेवलं. वहिनीने हात लावला नाही. "हे दोन बांगड्यांचे, की हप्त्यांचे, की तुमच्या मनाचे?" असं विचारलं. काय बोलणार. रात्री दादा ईस्टरच्या जागरणाला एकटाच गेला. मी मागच्या बाकावर होतो. चाळीस दिवसांनी आलेलुया झाला, सगळं देऊळ गात होतं. दादा पुढे होता, त्याची फक्त पाठ दिसत होती. रविवारी जेवायला थांबलो नाही, कुणी थांब म्हणालं नाही. पाकीट तिथेच ठेवून आलो.

---

तर्कट | २३ एप्रिल, १०.४०

तुमच्या फादरांची क्षमा मला अजूनही पटत नाही. पण तुम्ही गेलात, हे पटलं. देव थकत नसेल, वहिनी थकतात. त्यांना वेळ द्या.

---

शब्दवेल्हाळ | २३ एप्रिल, १०.५५

तर्कट यांच्याशी सहमत. हे वाक्य पहिल्यांदाच लिहितोय.

---

बावखल | २ मे, सायंकाळी ७.१५

आज दादाचा फोन आला. मोटरचा स्टार्टर जळलाय, तो भाग वसईत मिळत नाही, पुण्यात मिळेल का बघ, असं म्हणाला. कंपनीचं नाव आणि नंबर लिहून घेतला. पैशाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. फोन ठेवताना मागून वहिनीचा आवाज आला, "बिल घ्यायला सांगा."

---

तर्कट | २ मे, ७.२२

पक्कं बिल घ्या. जीएसटीवालं.